उणे वीस अंशांत स्प्रिंकलरचं पाणी गोठत नाही का?

आजचा विषय माझ्या मावसभावाने दिलाय. तो बारामतीजवळ एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. बाहेर एप्रिलचं ऊन आणि हा आत जाड जॅकेट घालून! परवा म्हणाला, "दादा, आमच्या छताला आग विझवायचे स्प्रिंकलर आहेत. पण खोली उणे वीसला. मग पाइपातलं पाणी गोठत नाही का?"

साधं पाणी असेल तर गोठणारच. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. मग पाइप तडकतो, नाहीतर आत बर्फाचा बोळा बसतो. आग लागली, स्प्रिंकलरची काचेची कुपी फुटली, पण पाणी आलंच नाही, असं होऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या थंडीत आग कुठली? अहो, भिंतींच्या पॅनेलमध्ये फोम असतो. पुठ्ठ्याचे खोके, प्लॅस्टिकचे क्रेट, वायरिंग, सगळं जळणारं. खोली बंद आणि धूर विषारी.

यावर एक उपाय अँटिफ्रीझ. म्हणजे पाण्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल मिसळायचं, की पाणी शून्याच्या बरंच खाली गोठतं. गॅरेजमधला कूलंट मात्र ओतायचा नाही. त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं, ते विषारी.

मग जास्त टाकलं तर जास्त चांगलं? इथंच गफलत होते. हे द्रव स्वतः जळतात! २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावात स्वयंपाकाच्या आगीवर स्प्रिंकलर सुरू झाला. मिश्रणात अँटिफ्रीझ ७० टक्क्यांहून जास्त होतं. भडका उडाला आणि एकाचा जीव गेला. पुढे अमेरिकेच्या एनएफपीए संस्थेने मर्यादा घातल्या: ग्लिसरीन ४८ टक्के, प्रॉपिलिन ग्लायकॉल ३८ टक्के. आता तर चाचणीत पास झालेलं तयार मिश्रणच वापरा, असं त्यांचं म्हणणं आहे.

आता गणित बघा. ३८ टक्क्यांचं मिश्रण उणे वीसच्या आसपास गोठायला लागतं. म्हणजे भावाच्या खोलीत ते काठावरच! अशा ठिकाणी ड्राय पाइप बरा. पाइपात दाबाखाली हवा, पाणी बाहेर उबदार जागी थांबलेलं. कुपी फुटली की हवा निघते, मागून पाणी येतं. थोडा उशीर होतो, पण येतं.

सगळ्या खोल्यांना एकच नियम नाही. इंदापूरची डाळिंबं ५ अंशांच्या वर ठेवली असतील तर साधं पाणी चालतं, कारण त्याची मर्यादा ४ अंश. बोरीची द्राक्षं शून्याजवळ ठेवतात, तिथे नाही चालत.

अँटिफ्रीझ असेलच, तर दरवर्षी त्याचं प्रमाण मोजायला हवं. कशाने? रिफ्रॅक्टोमीटरने. द्राक्षाची गोडी, म्हणजे ब्रिक्स, बघायला बागायतदार वापरतात ना, त्याच जातीचं यंत्र.

आणि कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं 'बी' फॉर्म प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं.

भावाला म्हटलं, उद्या तीनच प्रश्न विचार: पाइपात काय आहे, प्रमाण किती, शेवटचं कधी मोजलं? तुमच्या घरचं कुणी अशा खोलीत काम करत असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी!