खेळ जिंकलात, पण शिकलात का?

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपण राहत असाल, तर निवृत्तीची तारीख आपल्याला पाठ असते. त्या सुमारास भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात येते, आणि क्वार्टरही सोडायची असते. एवढी मोठी रक्कम हाताळण्याचा सराव मात्र कुणालाच नसतो. आर्थिक खेळांचा उपयोग इथे होतो, कारण चूक पटावर होते, खात्यात नाही.

11 जून 2022 रोजी पणजीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते आयकर विभागाचे असे काही खेळ सुरू झाले. त्यांत एक सापशिडी आहे: चांगल्या आर्थिक सवयीला शिडी, वाईट सवयीला साप. आपल्या जुन्या मोक्षपटाचीच ही रीत. तिथे पाप-पुण्य होते, इथे कर आहे! पण सापशिडी फाशावर चालते. पहिला पोहोचला त्याला विषय कळलाच, असे नाही.

म्हणून घरी फाशाऐवजी निर्णयाचा खेळ मांडा. प्रत्येकाला कागदावरचे 9 लाख रुपये द्या आणि ठेवायला सांगा. खेळाआधी विचारा, बँकेतल्या ठेवीला विमा किती? बरेच जण 5 लाख म्हणतील. बरोबर आहे, 4 फेब्रुवारी 2020 पासून ती मर्यादा आहे. आता चिठ्ठी काढा: बँक बुडाली. एकाने एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन-तीन लाख ठेवलेत आणि तो निर्धास्त आहे. त्याला आकडा पाठ आहे, नियम कळलेला नाही. एका बँकेच्या सर्व शाखांतल्या आपल्या नावावरच्या ठेवी व्याजासह एकत्र धरतात. विमा 5 लाखांचाच, उरलेले 4 लाख अडकले.

गुण देताना शिल्लक मोजू नका, निर्णयाचे कारण विचारा. कारण चुकीचे असेल तर वाचलेली रक्कमही नशिबाचीच. पंधरा दिवसांनी तीन शाखांच्या जागी तीन वेगळ्या बँका घ्या. प्रत्येक बँकेची मर्यादा स्वतंत्र असते, हे खेळाडूने आपणहून सांगायला हवे.

आणि एक चिठ्ठी फोनची ठेवा: ‘पेन्शन थांबेल, लगेच ओटीपी सांगा.’ घाईने आकडे सांगणारा घरातला सर्वांत शिकलेला माणूस असला, तरी पुढची फेरी त्याच्यापासूनच सुरू करा.