पुंगळीचा स्वर आणि इंजिनाचे बळ

बदलापूर पूर्वेकडील कात्रपच्या वस्तीत राहणारा तरुण नोकरदार आठवडाभर लोकलच्या गर्दीत प्रवास करतो आणि सुटीच्या दिवशी मोटारसायकल काढून बारवी धरणाच्या अथवा कोंडेश्वरच्या वाटेला लागतो, तेव्हा आपल्या वाहनाचा स्वर भरदार असावा आणि चढावर त्याचा पिकअप कमी पडू नये, अशी अभिलाषा त्याच्या मनात उत्पन्न व्हावी, यात अस्वाभाविक असे काहीच नाही. यंत्रावर प्रेम करणाऱ्याला त्याचा ध्वनीही प्रिय असतोच. परंतु या अभिलाषेचा जो बाजार आज गावोगाव मांडला गेला आहे, त्यात मोठा आवाज आणि मोठी शक्ती या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी एकाच किमतीत, एकच वस्तू म्हणून विकल्या जातात, आणि ग्राहकाच्या पदरी बहुधा पहिलीच पडते.

हा भेद समजून घ्यावयाचा तर इंजिनाच्या तोंडापासून आरंभ केला पाहिजे. फोर-स्ट्रोक इंजिनात ज्वलन होऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी दाबाची एक तीव्र लहर बेंड पाइपमधून, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या वाकड्या नळीतून, बाहेर धावत सुटते. तप्त वायूत तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरांहूनही अधिक असतो. नळीचा व्यास जेथे एकाएकी विस्तारतो तेथे ही लहर परावर्तित होते, आणि परतताना दाबाऐवजी ओढ घेऊन येते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात. नेमक्या त्या क्षणी ही ओढ सिलिंडरपर्यंत पोहोचली, तर उरलासुरला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताज्या मिश्रणाला अधिक जागा मिळते. पुंगळीने, म्हणजे एक्झॉस्टच्या या नळीने व सायलेन्सरने, इंजिनाला बळ मिळते ते असे. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरा होतो, आणि मीटरभर नळीतून जाऊन परत येण्यास लहरीला सेकंदाचा अडीचशेवा भागही लागत नाही. काळाचा हिशेब इतका सूक्ष्म असल्यामुळे नळीची लांबी थोडी जरी बदलली तरी लाभाचा बिंदू दुसऱ्याच वेगाकडे सरकतो. सर्व वेगांना सारखीच उपकारक होईल अशी एक नळी अस्तित्वात नाही. शर्यतीच्या मैदानासाठी वरच्या फेऱ्यांत बळ देणारी पुंगळी खालच्या फेऱ्यांतले बळ पुष्कळदा हिरावून घेते, आणि कात्रपच्या रस्त्यांवर गर्दीतून मार्ग काढणारी मोटारसायकल आपल्या आयुष्याचा मोठा भाग या खालच्या फेऱ्यांतच घालवीत असते.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत तर पुंगळी हा इंजिनाचाच एक अवयव होय. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात फुगीर पोटाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या एक्स्पान्शन चेंबरचा असा काही सखोल अभ्यास केला की, १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, ते ज्ञान त्याने सुझुकी कंपनीला दिले आणि पुढल्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसी वर्गाचे विश्वविजेतेपद मिळविले. आपल्याकडील यामाहा आरएक्स १०० ची पुंगळी याच विद्येची वारस आहे. तिची आतली रचना बिघडवून जो नुसता कर्कशपणा मिळवतो, तो तिच्या बळाचे मूळच छाटतो. महाराष्ट्रातही या विद्येची उपासना झालेली आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोने 'एक्झॉस्टेक' नावाने इंजिनालगत बेंड पाइपला एक छोटी जोडकोठी दिली, ती खालच्या फेऱ्यांतील पिकअप वाढविण्यासाठी; आवाज वाढविण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

स्वराविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. एका सिलिंडरची बुलेट मिनिटाला सुमारे १,००० फेऱ्यांवर उभी असते, तेव्हा तिच्यात सेकंदाला जेमतेम आठ स्फोट होतात आणि कानाला ते जवळजवळ सुटे सुटे ऐकू येतात. तिचा सुप्रसिद्ध ठेका हा इंजिनाचा गुण आहे. पुंगळी त्याला केवळ रंग देते. सायलेन्सरमधील कोठ्या, जाळ्या आणि काचतंतूंचे अस्तर हे वरच्या पट्टीतील कर्कश स्वर शोषून घेतात आणि खालचा गंभीर नाद राखतात. जाळी कापून काढली की आधी बाहेर पडतो तो हा कर्कशपणा, आणि ज्या भारदस्त नादासाठी पैसे मोजले, तोच त्याखाली बुडून जातो.

यंत्राचीही हानी होऊ शकते. वायूची वाट अधिक मोकळी झाली आणि इंधनाचे प्रमाण मात्र तेच राहिले, तर मिश्रण विरळ होते. कॉफीच्या रंगाचा असावा तो प्लग पांढुरका दिसू लागतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच पुंगळीत फटाके फुटतात. या फटाक्यांना शक्तीचे लक्षण मानणे ही शुद्ध फसगत आहे. जे इंधन सिलिंडरमध्ये जळावयास हवे होते, ते बाहेर जळत असते. कार्ब्युरेटरच्या काळात जाणता मेकॅनिक जेट बदलून हे जुळवून घेई. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या वाहनांत ऑक्सिजन सेन्सर आणि विषारी वायूंचे शमन करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. हा कन्व्हर्टर काढून टाकणारा माणूस आपल्याच सोसायटीतील मुलांच्या श्वासात विष सोडतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

कायद्याची तरतूद याबाबतीत निःसंदिग्ध आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटारसायकलच्या आवाजाची कारखान्यासाठी ठरविलेली कमाल मर्यादा ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्यावर ८० डेसिबल आहे, आणि दर दहा डेसिबलांमागे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि शिवाय चालक तीन महिने लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरतो. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. आजारी वृद्ध आणि परीक्षेला बसणारी मुले ज्या इमारतींत निजलेली असतात, त्यांच्या खिडक्यांखाली या मर्यादेचे मोल कळते.

मग हौशी माणसाने करावे तरी काय? सर्वप्रथम बेंड पाइपच्या तोंडाशी गॅस्केट गळते का, सायलेन्सर गंजून त्याला भोक पडले आहे का, टॅपेटचे अंतर आणि एअर फिल्टर ठीक आहेत का, हे पाहून घ्यावे. हरवलेला पिकअप पुष्कळदा येथेच सापडतो. तरीही बदल करावयाचाच असेल, तर वाहनाच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी मंजूर केलेला, कन्व्हर्टर कायम ठेवणारा सायलेन्सर घ्यावा. वजनातील घट हा त्याचा खराखुरा लाभ असू शकतो. शर्यतीच्या पुंगळ्यांची जागा बंदिस्त मैदानात. आणि पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडे मंजुरीचा दाखला आणि डायनोवर, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलेला बदलाच्या आधीचा व नंतरचा आलेख, हे दोन दस्तऐवज अवश्य मागावेत. ते न मिळाल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.