मागच्या सीटलाही विचारा: मोटारसायकल निवडताना होणारे गैरसमज

नवी मोटारसायकल घ्यायला माणूस शोरूममध्ये पोचतो तेव्हा मॉडेल आणि रंग त्याच्या डोक्यात बहुधा पक्का झालेला असतो. तो ठरतो मित्रांच्या सल्ल्यानं, मोबाइलवरच्या व्हिडिओंनी, नाहीतर सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या एखाद्या गाडीनं. ही गाडी रोज कुठल्या रस्त्यानं जाणार, मागे कोण बसणार, सामान किती असणार, याचा विचार पैसे भरून झाल्यावर सुरू होतो. मग सहा महिन्यांत कुणाची कंबर धरते, कुणाची आई मागे बसायला नकार देते आणि एक चांगली गाडी चुकीच्या घरात पार्किंगमध्ये पडून राहते.

कम्युटर, क्रूझर, स्पोर्ट्स, ॲडव्हेंचर हे प्रकार आपण दिसण्यावरून ओळखतो. त्यांच्यातला मुख्य फरक मात्र बसण्याचा आहे. सीट, हँडल आणि फुटरेस्ट एकमेकांपासून किती अंतरावर आणि किती उंचीवर आहेत, यावर तुमच्या शरीराचा भार कुठे जाणार हे ठरतं. क्रूझरवर तो माकडहाडावर जातो, स्पोर्ट्स बाइकवर मनगटांवर आणि साध्या कम्युटरवर बैठक व पाय यांत वाटला जातो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच गैरसमज आपोआप ढिले होतात.

“जेवढी सीसी जास्त, तेवढी ताकद जास्त”

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधली जागा. त्या जागेतून किती ताकद काढायची, हे इंजिन कसं बांधलंय त्यावर ठरतं. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 सुमारे 20 हॉर्सपॉवर देते, तर केटीएमची ड्यूक 200 साधारण 25. सीसी जवळपास निम्मी आणि ताकद जास्त. मग क्लासिक कमी दर्जाची ठरते का? नाही. तिचा 27 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, चार हजार आरपीएमलाच मिळतो. ड्यूकचा टॉर्क त्याहून बराच कमी आहे, आणि तोही इंजिन आठ हजारांच्या आसपास फिरवल्यावर हाती लागतो. डबलसीट, सामान बांधून घाट चढायचा असेल तर क्लासिक कमी गिअर बदलत शांतपणे वर जाते. एकट्यानं, इंजिन फिरतं ठेवून, वळणांची मजा घेत चालवायचं असेल तर ड्यूक पुढे. म्हणून शोरूममध्ये आकडे विचारायचेच असतील तर टॉर्क किती आणि तो किती आरपीएमला मिळतो, हेही विचारा.

सीसीचा खरा परिणाम खिशावर दिसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर 18 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्यांवर 40 टक्के. थर्ड पार्टी विम्याचेही टप्पे आहेत. 2022 मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या गाडीला वर्षाला 714 रुपये, 150 ते 350 सीसीला 1,366 रुपये आणि 350 च्या पुढे 2,804 रुपये. नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो, तेव्हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

“हायवेला वेग लागतो, म्हणून स्पोर्ट्स बाइक”

ज्या रस्त्यांवर वेगानं जाता येईल असं वाटतं, त्यांतल्या बहुतेकांवर आपल्याला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा सागरी किनारा मार्ग या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. उरतात ते जुने महामार्ग, राज्य मार्ग आणि गावातून जाणारे रस्ते. केंद्रानं 2018 मध्ये ठरवलेली मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही ताशी 80 किलोमीटर आहे, शहरात 60. स्थानिक प्रशासन ती आणखी कमी करू शकतं.

स्पोर्ट्स बाइकची पुढे झुकलेली बैठक जास्त वेगासाठी आखलेली असते. गाडी वेगात असताना छातीवर येणारा वारा शरीराचा काही भार पेलतो. साठ-सत्तरच्या वेगात तो आधार मिळत नाही आणि सगळं वजन तळहातांवर येतं. यामाहा आर15 ही फार चांगली गाडी आहे. तरुण, सडपातळ, बहुतेक वेळा एकट्यानं फिरणाऱ्याला ती आनंद देईल. पण सिंहगड रोडवर रोज तासभर क्लच दाबत, ब्रेक मारत ऑफिसला जाणाऱ्यानं ती घेण्याआधी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवून पाहावी. त्याच पैशात सरळ हँडलची, तेवढ्याच ताकदीची साधी स्ट्रीट बाइक मिळत असेल तर मी ती सुचवीन.

“लांबच्या प्रवासाला क्रूझरच आरामाची”

हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. क्रूझरची सीट बुटकी आणि रुंद असते, पाय पुढे पसरतात, हँडल हातात येतं. ही बैठक घडली अमेरिकेच्या लांबलचक, सरळ आणि गुळगुळीत रस्त्यांवर. तसा रस्ता मिळाला तर ती खरंच सुखाची आहे.

आपल्याकडे गणित बदलतं ते खड्ड्यांमुळे. कम्युटर किंवा ॲडव्हेंचर बाइकवर फुटरेस्ट शरीराच्या खाली असतात. समोर खड्डा दिसला की चालवणारा पायांवर भार देऊन सीटवरून इंचभर उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यानं उठताच येत नाही. त्यातून सीट बुटकी ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपला हलायला जागा कमी ठेवलेली असते. मग प्रत्येक धक्का थेट कण्यात जातो. पाठीचं दुखणं आधीच असेल तर मोठी गुबगुबीत सीट बघून फसू नका. आंबोली किंवा वरंध घाटातल्या तीव्र वळणांवर आणखी एक गोष्ट कळते. खाली आणि पुढे असलेले फुटरेस्ट गाडी थोडी झुकताच रस्त्याला घासायला लागतात, त्यामुळे वळण हळूच घ्यावं लागतं.

तरीही बजाज ॲव्हेंजरसारखी गाडी मी एका गटाला आवर्जून सुचवतो, तो म्हणजे उंचीनं कमी असलेल्यांचा. तिची सीट जमिनीपासून 737 मिलिमीटरवर आहे, म्हणजे स्प्लेंडरपेक्षाही जवळपास पाच सेंटिमीटर खाली.

“उंची कमी आहे, बाईमाणूस आहे, मग स्कूटरच बरी”

सीटची उंची हा एकच आकडा पाहून कितीतरी जणांना, विशेषतः मुलींना, गिअरच्या गाडीपासून लांब ठेवलं जातं. सीट पुढच्या बाजूला किती अरुंद आहे, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय जमिनीपासून दूर जातात. अरुंद असेल तर तीच उंची आवाक्यात येते. दोन्ही तळवे पूर्ण टेकायलाच हवेत असंही नाही. एक पाय भक्कम टेकला आणि दुसऱ्याचा चवडा लागला तरी सरावानं गाडी नीट सांभाळता येते. नवशिक्याला मात्र दोन्ही पाय टेकलेले बरे, कारण तो धीर शिकताना उपयोगी पडतो.

स्कूटरही वाईट नाही. शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच नसणं ही मोठी सोय आहे. भाजीची पिशवी पायांशी राहते, हेल्मेट डिकीत जातं. तिच्या मर्यादा मात्र आधी माहीत हव्यात. तिची चाकं 10 किंवा 12 इंचांची असतात, मोटारसायकलची साधारण 17-18 इंचांची. लहान चाक त्याच खड्ड्यात जास्त खोल जातं आणि जास्त जोरात आदळतं. घाट उतरताना मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला रोखून धरतं. स्कूटरला तो आधार कमी मिळतो, ब्रेक सतत वापरावे लागतात आणि तापतात. रोज घाट चढ-उतार करणाऱ्यानं याचा विचार करावा, मग चालवणारा पुरुष असो की बाई.

“जड गाडी रस्ता धरून चालते”

उघड्या माळावर आडवा वारा सुटला किंवा शेजारून ट्रेलर गेला, तेव्हा जड गाडी कमी हेलकावते, हे खरं. तिच्या वजनाचा फायदा तिथंच संपतो. वळणावरचा स्थिरपणा येतो तो टायर, चासी आणि शॉकअप यांच्या मेळातून. स्प्लेंडर साधारण 112 किलोची आहे, क्लासिक 350 जवळपास 195 ची. वरचे 80 किलो पार्किंगच्या उतारावर गाडी मागे ओढताना, कोकणात पावसाळ्यात निसरड्या लाल मातीत ती वळवताना आणि आडवी पडल्यावर उचलताना तुमच्याच अंगावर येतात. पहिली गाडी घेणाऱ्यानं एकदा इंजिन बंद ठेवून ती शोरूमच्या आवारात ढकलून, मागेपुढे करून पाहावी. जमत नसेल तर विक्रेता काहीही म्हणो, ती गाडी अजून तुमची नाही.

“लडाखला जायचंय, म्हणजे ॲडव्हेंचर बाइक लागणारच”

लेहपर्यंत लोक शंभर सीसीच्या गाड्यांवरही गेले आहेत. पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. तिथं रॉयल एनफील्डच्या हिमालयनचंही इंजिन दमतं आणि शंभर सीसीचंही. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण जो ऑक्सिजन हवेतच नाही तो ते आणू शकत नाही.

ॲडव्हेंचर बाइकचे गुण खरे आहेत. 21 इंची पुढचं चाक दगडावरून सहज चढतं, शॉकअपला हलायला भरपूर जागा असते, उभं राहून चालवता येईल असं हँडल असतं. तारांची चाकं आदळल्यावर थोडी लवतात, ॲलॉयला तडा जाऊ शकतो. पण त्या चाकांत बहुधा ट्यूब असते. भर घाटात पंक्चर झालं तर चाक काढावं लागतं, हे विसरू नये. एक्सपल्स 200 सारख्या गाड्यांची सीट 825 मिलिमीटरच्या घरात जाते.

आयुष्यात एकदा लडाखला जाणाऱ्यानं यासाठी दहा वर्षं शहरात उंच गाडी सांभाळावी, हे मला पटत नाही. तिथं गेल्यावर गाडी भाड्यानं मिळते. ज्याचं घर किंवा नोकरी खरोखर मुरमाच्या, दगडांच्या रस्त्याच्या टोकाला आहे, त्या गडचिरोलीतल्या शिक्षकाला किंवा सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला मात्र ही गाडी रोज उपयोगी पडते. या गाडीवर खरा हक्क त्याचा आहे आणि जाहिराती त्याच्याशी फारसं बोलत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

“मागच्याचं काय, बसेल कसाही”

आपल्याकडे मोटारसायकल हे कुटुंबाचं वाहन आहे. मागे बायको असते, शाळेतला मुलगा असतो, दवाखान्यात न्यायचे वडील असतात. तरी निवड करताना या सीटवर बसणाऱ्याचं मत सर्वांत शेवटी घेतात, किंवा घेतच नाहीत.

स्पोर्ट्स बाइकची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती असते, फुटरेस्ट वर असतात. गुडघे दुमडून बसलेला माणूस प्रत्येक ब्रेकला पुढच्यावर घसरतो आणि त्याचाही भार चालवणाऱ्याच्या मनगटांवर येतो. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या साडीतल्या बाईला ही सीट धोक्याची आहे. साडी गार्ड आणि पकडायचा दांडा केवळ सोयीसाठी नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 123 व्या नियमानुसार मागच्या प्रवाशासाठी पकड, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण असणं बंधनकारक आहे. पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणाऱ्या भीषण अपघातांसाठी तो नियम आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून गार्ड काढून टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तो परत लावा.

दोन मोठी माणसं आणि एक बॅग धरली तर दीडशे किलो सहज होतात. गाडी किती भार पेलते हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते खरेदीआधी वाचा. डबलसीट जाताना मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते आणि बऱ्याच गाड्यांत मागचा शॉकअप कडक करता येतो. हे न करता “गाडी मागून बसते” अशी तक्रार करणारे पुष्कळ आहेत.

ब्रेकही इथंच पाहा. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे आणि त्याखालच्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा. एबीएसमुळे गाडी नेहमीच कमी अंतरात थांबते, असं मात्र समजू नका. चाक लॉक न होऊ देता वळायची ताकद शिल्लक ठेवणं हे त्याचं काम आहे. खडीवर अंतर उलट वाढू शकतं. कुटुंबासाठी गाडी घेत असाल आणि पैशाची ओढाताण असेल, तर डिजिटल मीटर आणि ब्लूटूथ सोडा, पण एबीएस सोडू नका. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत गेलेल्या 1,68,491 जणांपैकी जवळपास 75 हजार दुचाकीवर होते.

गाडीच्या किमतीतच दोन आयएसआय हेल्मेटचे पैसे धरा. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही, कायद्यानं हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेटसोबत हार्नेस लागतो आणि वेग ताशी 40 च्या आत ठेवावा लागतो.

टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. घरात जो सर्वांत जास्त वेळा मागे बसणार आहे त्याला सोबत न्या, शोरूमसमोरचा गुळगुळीत रस्ता सोडून एखादा खराब तुकडा आणि दोन-चार गतिरोधक असलेला रस्ता निवडा, आणि परतल्यावर आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर ती गाडी घेऊ नका.