रिवाइंड करून संपवलेला गेम

निन्टेंडोच्या 1985 सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आठ जगं आहेत आणि प्रत्येकात चार, म्हणजे एकूण 32 टप्पे. पण पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावर चढून पार टोकापर्यंत चालत गेलं की लपवलेले पाइप सापडतात आणि त्यातला एक थेट चौथ्या जगात उतरवतो. चौथ्यात असाच आणखी एक चोरदरवाजा आहे, तिथून आठव्यात. म्हणजे 32पैकी आठच टप्पे खेळूनही राजकन्या सुटते; मुरलेले खेळाडू हे पाच मिनिटांच्या आत उरकतात. नवख्याला सगळे टप्पे पार करायला कित्येक संध्याकाळी लागतात. राहून गेलेल्या जुन्या गेमची यादी करून ती उन्हाळ्यात संपवायला बसणाऱ्यांच्या कागदावर मात्र दोघांचीही एकच ओळ खोडली जाते. हा उद्योग जगभर रुळला आहे आणि तो मन लावून केला जातो, यात वाद नाही. माझी तक्रार यादीबद्दल आहे. ती जे मोजते, ते या गेममध्ये मोजण्यासारखं नाही.

आधी हे काम होतं कसं ते पाहू. जुनं यंत्र आणि खऱ्या कॅसेट वापरणारे तुरळक. त्यांना कॅसेटचे धातूचे दात अल्कोहोलने पुसावे लागतात आणि जमल्यास काचेच्या नळीचा जाडजूड टीव्ही मिळवावा लागतो. ‘डक हंट’ची बंदूक तर नव्या सपाट पडद्यावर चालतच नाही, कारण चाप ओढल्यावर क्षणभर उमटणारा पांढरा चौकोन ती जुन्या टीव्हीच्या वेगानेच टिपते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ 1987मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याच्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी होती. कुठवर पोहोचलो हे ती बॅटरी लक्षात ठेवायची, पण यंत्र बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरायला गेम बजावायचा, नाहीतर केलेलं सगळं पुसलं जाण्याची भीती. आता या बॅटऱ्या एकेक करून मरताहेत. गेम चालतो, त्याची आठवण गेलेली असते. मग कॅसेट उघडून, जुनी बॅटरी काढून, नवी सोल्डर करायची. एवढा खटाटोप कोण करतो? बहुतेक जण एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लावतात किंवा निन्टेंडोची वर्गणी भरतात. दोन्हीकडे रिवाइंडची सोय आहे: खड्ड्यात पडलात तर काळ मागे फिरवा आणि उडी पुन्हा मारा.

यादी भराभर संपते ती या सोयीमुळे, आणि माझ्या मते गेम हातातून निसटतो तोही इथेच. ‘सुपर मारिओ’ची अख्खी कॅसेट 40 किलोबाइटची, आज फोनवर काढलेल्या एका फोटोहूनही कितीतरी लहान. एवढ्याशा जागेत महिनाभराचा खेळ मावला, कारण त्याची लांबी पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यातून तयार व्हायची. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ने तर कहर केला: शेवटच्या राक्षसाला हरवलेल्याला तो सांगतो की हे सगळं सैतानाचं मायाजाल होतं, आणि आणखी अवघड करून अख्खा गेम दुसऱ्यांदा खेळायला लावतो. मारिओचा चोरदरवाजाही शॉर्टकटच, हे खरं. पण तो बनवणाऱ्यांनी लपवलेला, खेळणाऱ्याने शोधलेला. रिवाइंड बाहेरून चिकटवलेलं आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही अवघड वळणं कलेपोटी नव्हती, धंद्यापोटी होती. 1994च्या ‘द लायन किंग’चा माकडांचा टप्पा मुद्दाम कठीण केला होता, भाड्याने नेणाऱ्याला गेम मुदतीत संपवता येऊ नये म्हणून, असं तो गेम करणाऱ्या वेस्टवुडच्या लुई कॅसलने नंतर उघड सांगितलं. गेम सोपे करणाऱ्या ‘गेम जिनी’ या यंत्रावरून निन्टेंडो कोर्टात लढली आणि 1992 साली अपिलातही हरली. म्हणजे फसवून खेळण्याचा हक्क ग्राहकाने तेव्हाच कमावला. तो नाकारण्याचा प्रश्नच नाही. हात दुखतात, नजर कमी झाली आहे, अशांनी रिवाइंड खुशाल वापरावं. पण यादी छोटी दिसावी एवढ्यासाठी वापरलेलं रिवाइंड म्हणजे हजेरीपटावर सही करून घरी जाणं.

जपानी टीव्हीवर 2003पासून ‘गेम सेंटर सीएक्स’ नावाचा कार्यक्रम चालतो. विनोदी कलाकार शिन्या अरिनो त्यात कंपनीच्या विभागप्रमुखाच्या थाटात, कामगाराचं जॅकेट घालून जुने गेम संपवायला बसतो. तोही यादीच संपवतोय, पण पगारी, आणि एका बैठकीला एकच गेम. तासन् तास तोच टप्पा, कपाळावर ताप उतरवायची थंड पट्टी, अडला की मदतनीस नकाशा घेऊन येणार. कधीकधी तो हरतो, आणि ते हरणंही दाखवलं जातं. हौशी खेळाडू सुट्टीत जे खेळ म्हणून करतात त्यात मला पाट्या टाकणं दिसतं. अरिनो नोकरी म्हणून जे करतो, त्यात खेळ दिसतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: हे गेम नाहीसे होताहेत, मग मिळेल ते झटपट खेळून घेऊ नये का? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023च्या अभ्यासानुसार 2010पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. ग्रंथालयांनी जुने गेम अभ्यासकांना दुरून पाहू देण्याची परवानगी मागितली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली, आणि त्यामागे एक काळजी अशी की लोक हे गेम करमणुकीसाठी खेळतील! पण ते 87 टक्के घाईघाईच्या याद्यांनी वाचणार नाहीत. यादीत बहुधा उरलेल्या 13 टक्क्यांतली तीच गाजलेली नावं असतात.

संख्येचा फुगा आपल्याकडेही होताच. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात बहुतेकांनी खेळला तो निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल असलेला ‘व्हिडिओ गेम’. कॅसेटवर ‘9999999 इन 1’ छापलेलं, आत मोजके गेम, आणि ‘काँट्रा’च कधी दुसऱ्या टप्प्यापासून, कधी जास्तीची आयुष्यं देऊन पुन्हा पुन्हा यादीत घातलेला. त्या आकड्यावर कुणाचा विश्वास नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी दोन-तीन गेमवर निघायची, आणि वीज गेली की पहिल्यापासून. आता नोकरी-संसारातून दिवसाला तासभर मिळत असेल, तर पन्नास नावं लिहून ती रिवाइंडने उडवण्यापेक्षा तीनच लिहावीत. त्यात ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ असेल तर दोन.