कॉलर, बूट आणि चार पिना

“मामी, तुझ्याकडे बंद बूट आहेत का गं?”

रात्री साडेनऊला भाचीचा फोन. मी नुकतीच ओटा आवरून टेकले होते. बंद बूट? माझ्याकडे? देवळाच्या चपला, बाजाराच्या चपला आणि लग्नाकार्याचे सँडल, एवढीच माझी मिळकत. “कशाला गं?” म्हटलं, तर म्हणाली, “शनिवारी येणारेस ना माझी मॅच बघायला? कोर्सवर चपला चालत नाहीत. टाचांचे सँडल तर अजिबात नाही, हिरवळीला भोकं पडतात.”

भाची चौदा वर्षांची, गोल्फ खेळते. आमच्या कऱ्हाडात हे सांगितलं की बायका जरा थांबतात, मग विचारतात, “म्हणजे ते श्रीमंतांचं... काठीनं?” मलाही त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक खेळत होती, त्या शनिवारी सकाळी पहिल्यांदा गोल्फ पाहिलं. अदिती चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं. पण माझ्या लक्षात राहिली ती तिची आई, लेकीची जड बॅग घेऊन तिच्यामागून चालणारी. ती लेकीची कॅडी होती. भाचीनंही ते पाहिलं आणि तेव्हापासून घरात हट्ट सुरू झाला.

या खेपेला नणंदबाईंच्या बँकेत ऑडिट, नंदोई बाहेरगावी. मग मामीची नेमणूक झाली.

शुक्रवारी संध्याकाळी पोचले, तर पलंगावर दुकान मांडलेलं. दोन टी-शर्ट, स्कॉर्ट (बाहेरून स्कर्ट, आतून चड्डी, असा प्रकार), पट्टा, टोपी, मोज्यांच्या तीन जोड्या. हा मोजा की तो मोजा, यावर माझ्यादेखत वीस मिनिटं गेली. मला राहवेना. “अगं, उद्या मॅच आहे की मांडव परतणं? नटण्याला काही मार्क असतात का?”

“मार्क नसतात मामी,” ती मोजा ताणत म्हणाली, “पण दंड असतो.”

मला वाटलं, पोरगी थापा मारतेय. घरी आल्यावर शोधून वाचलं, तर खरंच! २०१७ च्या जुलैत अमेरिकेतल्या एलपीजीए या महिला गोल्फच्या संस्थेनं आपल्या खेळाडूंसाठी फर्मान काढलं होतं. गळा खोल नको. लेगिंग्ज नुसत्या नकोत, त्यावर स्कर्ट किंवा शॉर्ट्स हवीच. वाकल्यावरसुद्धा अंग दिसू नये इतका स्कर्ट लांब हवा. चुकलात तर १००० डॉलर, पुन्हा चुकलात तर दुप्पट! कॉलेजच्या नोटिसबोर्डावर शोभावा असा मजकूर, आणि तो जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंना.

पुरुषही यातून सुटलेले नाहीत बरं का. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर स्पर्धेत भर उन्हाळ्यातसुद्धा पायभर पँटच लागते. सरावाला तरी अर्धी चड्डी चालेल, ही मुभा २०१९ साली मिळाली. बॅगा वाहणाऱ्या कॅडींना ती १९९९ मध्येच मिळाली होती, पण कधी? उन्हानं एक कॅडी कोसळला त्यानंतर.

एवढं कपड्यांचं स्तोम या एकाच खेळात का, हा प्रश्न मला छळत राहिला. क्रिकेटमध्ये संघाचा गणवेश ठरलेला, कबड्डीत बनियनवर नंबर. गोल्फमध्ये मात्र एकेकटा माणूस, त्याचा गणवेश त्यानंच ठरवायचा. आणि खेळ किती वेळ, तर चार-साडेचार तास! त्यात प्रत्यक्ष चेंडू मारायला लागतात काही मिनिटं. उरलेला वेळ माणूस नुसता चालत असतो, आणि कॅमेरा त्याच्याकडे बघत असतो. मग कपड्यांच्या कंपन्या हा मोका सोडतील? मोठ्या स्पर्धा चार दिवसांच्या, गुरुवार ते रविवार. त्या चारही दिवसांचा शर्ट, पँट, पट्टा, टोपी मोठमोठ्या खेळाडूंसाठी आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे हळदीला पिवळी, सीमांतपूजनाला काठपदर, लग्नाला शालू आणि रिसेप्शनला डिझायनर, तसंच अगदी.

यातली माणसं एकेक मजेदार आहेत. टायगर वूड्स शेवटच्या दिवशी, रविवारी, लाल शर्ट घालतो. का? तर त्याच्या थाई आईनं सांगितलं, लाल हा तुझ्या ताकदीचा रंग. (आईचं ऐकणारी मुलं अमेरिकेतही असतात.) २०२१ च्या फेब्रुवारीत त्याला भयंकर मोटार अपघात झाला, त्यानंतरच्या रविवारी कितीतरी खेळाडू त्याच्यासाठी लाल शर्ट आणि काळी पँट घालून मैदानात उतरले. डग सँडर्स नावाचा एक खेळाडू होता, त्याला सगळे गोल्फमधला मोर म्हणायचे. शर्ट ज्या रंगाचा, त्याच रंगाचे मोजे आणि बूट. पण १९७० च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या होलवर दोन-अडीच फुटांवरचा चेंडू त्याला घालता आला नाही आणि हातातली स्पर्धा गेली. मॅचिंग बूट तिथं काय करणार!

मला सगळ्यात आवडला तो पेन स्टुअर्ट. गुडघ्याखाली बांधलेली जुन्या पद्धतीची तुमान, लांब मोजे आणि चपटी टोपी, हा त्याचा अवतार. सगळे एकसारख्या पँटीत, हा मात्र लांबूनही ओळखू यायचा. त्याचे वडील फिरते विक्रेते. गिऱ्हाइकांच्या लक्षात राहावं म्हणून भडक जाकिटं घालणारे. तो वारसा लेकानं चालवला. पण खरी गोष्ट पुढं आहे. १९९९ ची यूएस ओपन, पाइनहर्स्टला. शेवटच्या दिवशी गारठा आणि रिमझिम. अंगात रेनकोटाचं जाकीट घातलं, तर बाह्या आड येऊन हात मोकळा फिरेना. यानं कात्री मागवली आणि बाह्या कचाकच कापून टाकल्या! एवढा नटणारा माणूस, पण खेळ अडतोय म्हटल्यावर जाकिटाची दया केली नाही. त्या दिवशी तो जिंकला. चारच महिन्यांनी, ऑक्टोबरात, विमान अपघातात गेला. शिवण्या-कापण्याचं ज्यांना कळतं त्या बायकांना त्या कात्रीचा आवाज ऐकू येईल.

बायकांना मात्र अशी कात्री चालवायला फार वर्षं कुणी दिली नाही. १८९० साली विलायतेतल्या एका लॉर्डसाहेबांनी लिहून ठेवलंय की बायकांनी सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे चेंडू मारू नये. ताकद नाही म्हणून नव्हे हं! त्यापलीकडे मारायचा तर काठी खांद्यावर न्यावी लागते, आणि बाईच्या पोशाखात ते बरं दिसत नाही. आहे की नाही न्याय? आधी पायघोळ झगा आणि आवळलेला कॉर्सेट घालायला लावायचा, मग म्हणायचं, यात हात उचललेला शोभत नाही. त्या झग्यात वारा शिरला की चेंडूच दिसेना. त्यावर बायकांनी काय शोधलं, तर एक इलॅस्टिकचा पट्टा. एरवी कमरेला असायचा, वारा सुटला की गुडघ्यापर्यंत सरकवून झगा बांधून घ्यायचा. त्याला ‘मिस हिगिन्स’ म्हणत. हे वाचताना मला आमच्या आजेसासूबाई आठवल्या. नऊवारीचा काष्टा मारून त्या विहिरीत उतरत. लॉर्डसाहेबांनी तो काष्टा पाहिला असता तर काय म्हणाले असते कोण जाणे.

१९३३ मध्ये ग्लोरिया मिनोप्रिओ ही बाई इंग्लंडच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेत चक्क पँट घालून आली. बरोबर काठी फक्त एक! बाकीच्या बॅगभर काठ्या घेऊन. पहिल्याच फेरीत हरली, पण महिला गोल्फच्या संस्थेनं तिच्या खेळाबद्दल नाही, पँटीबद्दल जाहीर नापसंती कळवली. आज तिला हरवणारीचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

तर आता शनिवारची सकाळ. साडी नेसले आणि पायात भाचीचे जुने कॅनव्हासचे बूट. आरशात बघून दोघी पोट धरधरून हसलो. मी कशीही चालणार होते, पण पोरीला लाज वाटू नये एवढंच मनात. तिनं मात्र आरशात पाहून सनस्क्रीन थापलं, उन्हाच्या बाह्या चढवल्या. गोल्फवाल्यांचा एक हात गोरा असतो हे मला तेव्हा कळलं. मोजा फक्त डाव्या हातात घालतात, त्यामुळे डावा पंजा उजळ, उजवा सावळा. नणंदबाईंना त्याची काळजी, पुढं लग्नात मेंदी कशी दिसेल! मला त्या स्कॉर्टचं एकच कौतुक वाटलं. त्याला खिसे होते. खरे, हात जाईल एवढे. चेंडू, लाकडी टी, कार्ड, पेन्सिल, सगळं मावलं. आमच्या पंजाबी ड्रेसला शिंपी खिसा म्हटलं की तोंड वाकडं करतो.

क्लबाच्या दारात पाटी होती. चप्पल नको, गोल गळ्याचा टी-शर्ट नको, जीन्स नको. पाटी वाचताना छातीत थोडं धस्स झालं, खरं सांगते. माझ्या साडीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, पण सगळ्यांच्या नशिबात हे नसतं. २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका नामवंत गोल्फ क्लबात मेघालयातली एक खासी स्त्री आपला पारंपरिक जैनसेम नेसून जेवायला गेली होती, रीतसर पाहुणी म्हणून. तिला टेबलावरून उठवलं, हा वेष मोलकरणीसारखा दिसतो म्हणून. मुंबईच्या एका जुन्या क्लबानं एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून बाहेर काढलं होतं. मुळातच या खेळात कपडा म्हणजे दार. १९२० साली इंग्लंडमध्ये पैशासाठी खेळणाऱ्यांना क्लबहाऊसमध्ये कपडे बदलायलाही मज्जाव होता. तेव्हा वॉल्टर हेगन या अमेरिकन खेळाडूनं भाड्यानं मोठी मोटार आणली, दारासमोर उभी केली आणि तिच्यात बसून कपडे बदलले.

पहिल्या होलपाशी मुली जमल्या होत्या. सगळ्या कशा चित्रातल्यासारख्या, टोपीपासून मोज्यापर्यंत बेतशीर. त्यात एक काटकुळी पोर, शाळेच्या पीटीचा गोल गळ्याचा टी-शर्ट आणि निळी पँट. भाचीनं कानात सांगितलं, “तिचे बाबा इथं कॅडी आहेत. मामी, हिचा फटका बघ फक्त.” तेवढ्यात नावं पुकारणारे गृहस्थ आले. आवाज चढवला नाही, अगदी सौम्यपणे म्हणाले, “बेटा, कॉलर नाही. नियम आहे. दहा मिनिटं आहेत, बदलून ये.”

बदलून ये! कुठून? तिचे बाबा बाजूला दुसऱ्या कुणाची तरी बॅग खांद्याला लावून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. पोरीनं गळ्यापाशी हात नेला, जणू ओढलं की कॉलर येईल.

भाची काही बोलली नाही. बॅगेची चेन ओढली आणि रात्री पलंगावर हरलेला तो दुसरा टी-शर्ट काढला. पण भाची आमच्या घराण्याप्रमाणे अंगानं भरलेली, ती पोर काडी. बाथरूममधून आली तर टी-शर्ट खांद्यावरून घसरतोय, काखेत झोळ. “हात वर कर बघू,” म्हटलं. केला, तर सगळा झोळ कोपरात अडकला. यात ती काय काठी फिरवणार?

माझ्या बांगड्यांत चार पिना असतात. कुठल्या मराठी बाईच्या नसतात? पाठीमागं मधोमध दोन्ही बाजूंनी प्लेट घेतली, वर दोन पिना, खाली दोन, टोकं आत दुमडून, टोचणार नाहीत अशा. खालचा घोळ पँटीत खोचून दिला. “आता फिरव.” तिनं नुसतेच हात फिरवले. “लागतंय कुठं?” “नाही काकू.”

ते गृहस्थ लांबून पाहत होते. समोरून कॉलर सरळ दिसत होती. त्यांनी कार्डावर तिचं नाव लिहिलं.

मग तिनं जो पहिला फटका मारला, तो कुठं गेला ते मला दिसलंच नाही. आवाज तेवढा ऐकला. भाची शेजारी पुटपुटली, “गेले मी आज.” आणि खरंच गेली. पाच फटक्यांनी. घरी येईपर्यंत फुरंगटून बसली होती, टी-शर्ट दिल्याबद्दल नव्हे, तर दोन फुटांवरून चेंडू चुकला म्हणून. मी डग सँडर्सची गोष्ट तेव्हा वाचलेली नव्हती, नाहीतर सांगितली असती.

निघताना ती पोर धावत आली. टी-शर्ट घडी घालून आणला होता. भाची म्हणाली, “राहू दे गं तुझ्याकडे, पुढच्या महिन्यात पुन्हा मॅच आहे.” तिनं मान डोलावली आणि मूठ उघडून माझ्या हातावर पिना ठेवल्या. तीन होत्या.

“एक तेराव्या होलला उडाली, काकू. खूप शोधली.”

मी उरलेल्या तीनमधली एक ठेवून घेतली आणि दोन तिच्याच कॉलरला आतून लावून दिल्या.