बंदूक, स्वसंरक्षण आणि वीस वर्षांची कैद

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९९९ साली एक कायदा लागू झाला. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘दहा-वीस-जन्मठेप’ असे रुळले, आणि त्याचा आशय या नावातच आहे. यादीतला एखादा गंभीर गुन्हा करताना जवळ बंदूक बाळगली तर सर्वसाधारणपणे किमान १० वर्षे, गोळी झाडली तर किमान २० वर्षे, आणि त्या गोळीने कोणी गंभीर जखमी झाले किंवा दगावले तर किमान २५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद. काही गुन्ह्यांत नुसती बंदूक बाळगण्यासाठी ही मर्यादा ३ वर्षांची होती. पण गोळी सुटली की तिथेही २० वर्षेच. गव्हर्नर जेब बुश यांनी बंदूकधारी गुन्हेगारांना जरब बसवण्यासाठी हा कायदा आणला.

किमान शिक्षा सक्तीची असली की न्यायाधीशाला तिच्याखाली उतरता येत नाही. आरोपीचा हा पहिलाच गुन्हा आहे का, कोणाला इजा झाली का, गोळी कोणत्या परिस्थितीत सुटली, या गोष्टी एरवी शिक्षा ठरवताना पाहिल्या जातात. या कायद्यात त्यांना जागा नव्हती. चांगल्या वर्तनाबद्दल मिळणारी सूटही किमान मुदत भरेपर्यंत लागू होत नसे.

याच जेब बुश यांनी २००५ साली दुसऱ्या एका कायद्यावर सही केली. तो ‘स्टँड युवर ग्राउंड’, म्हणजे ‘जागा सोडू नका’, या नावाने प्रसिद्ध आहे. त्याआधीच्या नियमानुसार घराबाहेर कोणी अंगावर आले आणि सुखरूप निसटणे शक्य असले, तर आधी निसटायचे. जीवघेणा प्रतिकार हा शेवटचा उपाय. स्वतःच्या घरात मात्र पळ काढण्याचे बंधन नव्हते. नव्या कायद्याने हीच मोकळीक घराबाहेरही दिली. माणूस कायदेशीररीत्या जिथे हजर आहे, तिथे जिवाला धोका असल्याची रास्त भीती वाटली तर त्याला जागेवर उभे राहून बळ वापरता येते. शिवाय असा दावा न्यायालयाला पटला तर खटला उभाच राहत नाही. तो पटतो की नाही हे आधीच एका स्वतंत्र सुनावणीत ठरते.

हे दोन कायदे एकत्र आले की गोळी झाडणाऱ्याचा दावा मान्य झाला तर तो निर्दोष घरी जातो, अमान्य झाला तर २० वर्षे आत जातो. मधली पायरी नाही. हे सर्वाधिक ठळकपणे दिसले ते जॅक्सनव्हिल शहरातील मॅरिसा अलेक्झांडर यांच्या प्रकरणात.

१ ऑगस्ट २०१० रोजी अलेक्झांडर यांचे पतीशी घरात भांडण झाले. त्या नऊ दिवसांच्या बाळंतीण होत्या, आणि पतीकडून त्यांना पूर्वी मारहाण झालेली होती. त्या गॅरेजमध्ये गेल्या, गाडीतले स्वतःचे परवान्याचे पिस्तूल घेऊन परत आल्या आणि एक गोळी झाडली. ती भिंतीत घुसली; पती आणि त्याची दोन मुले धावत बाहेर पडली, कोणाला खरचटलेही नाही. गॅरेजचे दार उघडेना म्हणून परत यावे लागले, असे त्यांचे म्हणणे. खरोखर घाबरलेला माणूस पुन्हा घरात कशाला येईल, असे सरकारी पक्षाचे म्हणणे. सुनावणीत न्यायाधीशांनी संरक्षण नाकारले.

प्राणघातक शस्त्राने धाक दाखवल्याचे तीन आरोप होते, घरातल्या प्रत्येकामागे एक. गुन्हा कबूल केल्यास तीन वर्षांची कैद, हा सरकारी वकिलांचा देकार अलेक्झांडर यांनी नाकारला. मार्च २०१२ मध्ये ज्युरीने १२ मिनिटांत त्यांना दोषी ठरवले आणि मे महिन्यात २० वर्षांची शिक्षा झाली. कायद्याने आपले हात बांधलेले आहेत, असे न्यायाधीशांनी सांगितले.

तीन आणि वीस यांतल्या फरकात या पद्धतीचे मर्म आहे. सक्तीच्या किमान शिक्षेने शिक्षा ठरवण्याचा अधिकार नाहीसा होत नाही. तो न्यायाधीशाच्या हातून निघून सरकारी वकिलाच्या हाती जातो. कोणते कलम लावायचे आणि कोणता देकार द्यायचा हे तोच ठरवतो. स्वसंरक्षणाचा दावा खरा असला तरी तो ज्युरीपुढे नेणे आरोपीसाठी जुगार ठरतो, आणि निरपराध माणूसही तडजोड पत्करू शकतो. कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद वेगळा आहे: शिक्षा आधीच ठाऊक असली की वचक बसतो, आणि एकाच गुन्ह्याला या न्यायालयात दोन वर्षे, त्या न्यायालयात बारा, अशी तफावत राहत नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये अपील न्यायालयाने अलेक्झांडर यांची शिक्षा रद्द केली. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच टाकणारी चुकीची सूचना ज्युरीला दिली गेली होती. फेरखटल्यात सरकारी पक्षाने तिन्ही शिक्षा एकामागून एक, म्हणजे एकूण ६० वर्षे, मागण्याची तयारी केली. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली ती तीन वर्षांवर, म्हणजे पहिल्या देकाराइतक्याच कैदेवर. ती बहुतेक भोगून झालेली होती. जानेवारी २०१५ मध्ये त्या सुटल्या. पुढची दोन वर्षे घोट्याला पाळतीचे यंत्र बांधून घरातच काढावी लागली.

दरम्यान हे दोन्ही कायदे बदलत गेले. ‘स्टँड युवर ग्राउंड’च्या जुन्या शब्दरचनेत संरक्षण होते ते बळ वापरणाऱ्याला. २०१४ साली नुसती धमकी देणाऱ्यालाही ते मिळाले. २०१६ साली शस्त्राने धाक दाखवण्याचा गुन्हा ‘दहा-वीस-जन्मठेप’च्या यादीतून वगळला गेला. २०१७ साली पूर्वसुनावणीतला पुराव्याचा भार आरोपीवरून सरकारी पक्षावर आला. दरोडा, खुनाचा प्रयत्न यांसारख्या गुन्ह्यांसाठी मात्र ठरलेली वर्षे कायम राहिली.