यवतमाळमध्ये फिल्मवरचा एक फोटो 47 रुपयांना का पडतो?

इन्स्टाग्रामवर थोडं स्क्रोल केलं की दाणेदार, उबदार रंगांचे फोटो दिसतात आणि खाली ‘शॉट ऑन फिल्म’ असा हॅशटॅग असतो. हे बघून अनेक जण माळ्यावरचा जुना कॅमेरा खाली काढतात. कॅमेरा घरातलाच असतो, म्हणजे फुकट. खर्च सुरू होतो तो रोल घेताना. यवतमाळ, पुसद किंवा वणीत राहणाऱ्यांना तर हा छंद मुंबई-पुण्यापेक्षाही महाग पडतो. असं का, ते समजून घेऊ.

आधी हिशेब

35 एमएमच्या एका रोलवर 36 फोटो निघतात. हिशेब सोपा जावा म्हणून कलर रोलचे 1,000 रुपये धरू. रोल धुऊन स्कॅन करायचे 500 आणि मोठ्या शहरातल्या लॅबपर्यंत कुरिअरने जाण्या-येण्याचे 200. झाले 1,700. भागिले 36, म्हणजे एका क्लिकला साधारण 47 रुपये. फोटो हलला, कुणाचे डोळे मिटले, तरी 47 रुपये गेलेच.

घरात आगफा क्लिक थ्री असेल तर गणित आणखी कडक होतं. त्यात 120चा रोल लागतो आणि फोटो निघतात फक्त 12. तेवढ्याच खर्चात एक फोटो 140 रुपयांच्या पुढे जातो.

मागणी वाढली, मग भाव का वाढले?

डिजिटल कॅमेरे आल्यावर फिल्मची मागणी कोसळली. जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. बऱ्याच कंपन्यांनी कारखाने बंद केले. नंतर तरुणांमध्ये फिल्मची क्रेझ परत आली, पण तोपर्यंत कलर फिल्म बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

फिल्म बनवणं सोपं नाही. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर संपूर्ण अंधारात एकावर एक अनेक थर चढवावे लागतात. अशी यंत्रं एका रात्रीत उभी राहत नाहीत. एप्रिल 2022 पासून फुजीफिल्मने जपानमध्ये फिल्मचे भाव 20 ते 60 टक्क्यांनी वाढवले. कोडॅकनेही त्या काळात भाव वाढवले. नोव्हेंबर 2024 मध्ये तर कोडॅकला वाढती मागणी झेपावी म्हणून रॉचेस्टरच्या कारखान्यातलं फिल्मचं उत्पादन काही आठवडे थांबवून यंत्रणा सुधारावी लागली.

चांदीचा काय संबंध?

फिल्मवर प्रकाश टिपण्याचं काम चांदीचे क्षार करतात. एका रोलमध्ये चांदी अगदी थोडी असते, पण कारखान्याला ती टनांनी लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात चांदी औंसाला 50 डॉलरच्या वर गेली. सराफा बाजारात जोडव्यांचे भाव ऐकून आपण हबकतो, तोच भाव फिल्म कंपनीलाही मोजावा लागतो.

भारतात फिल्म बनत नाही का?

बनायची. 1960 मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी सुरू झाली. ‘इंदू’ नावाने तिची फिल्म आणि एक्स-रे फिल्म विकली जायची. कंपनी तोट्यात गेली आणि 2014 मध्ये केंद्र सरकारने ती बंद करायचा निर्णय घेतला.

त्यामुळे आज आपण दादासाहेब फाळक्यांच्याच जागी आहोत. 1912 मध्ये चित्रपटाच्या तयारीसाठी ते लंडनला गेले होते. कॅमेरा बाहेरचा, कच्ची फिल्मही बाहेरची. आजही रोल आयात होतो. त्यावर आयात शुल्क आणि जीएसटी लागतो, शिवाय डिसेंबर 2025 मध्ये डॉलर 90 रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे कंपनीने भाव वाढवला नाही, तरी आपल्याला रोल महागच पडतो.

यवतमाळचं ऊन

फिल्मला उष्णता सोसत नाही. जास्त दिवस गरम जागी राहिली तर रंग बिघडतात, फोटोवर धुरकटपणा येतो. यवतमाळात मे महिन्यात पारा 40च्या वर असतो. अशा दिवसांत कुरिअरच्या गाडीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये राहिलेला रोल म्हणजे 1,000 रुपयांवर पाणी.

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुता येतो. पण त्या केमिकलचं तापमान साधारण 20 अंश ठेवायचं असतं. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच तापलेलं, त्यामुळे बर्फ आणावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत तेच काम सोपं होतं.

मग परवडवायचं कसं?

रोल थंडीत मागवा. तीन-चार मित्रांनी एकत्र मागवला तर कुरिअरचा खर्च वाटला जातो, धुवायला पाठवतानाही तेच करा. रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, वापरण्याआधी काही तास बाहेर काढा.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुतला, तर लॅब आणि कुरिअरचे 700 रुपये वाचतात. बदल्यात केमिकलचा थोडा खर्च येतो आणि सुरुवातीला टाकी, थर्मामीटर घ्यावा लागतो. स्कॅनरऐवजी मोबाइलने निगेटिव्हचा फोटो काढून काम भागतं.

नवा कॅमेरा घेणार असाल तर हाफ फ्रेम हा पर्याय आहे. 2024 मध्ये आलेला पेंटॅक्स 17 याच प्रकारातला. त्यात 36च्या रोलवर 72 फोटो निघतात. आपल्याच हिशेबाने एक फोटो साधारण 24 रुपयांवर येतो, लॅबने स्कॅनिंगचे जास्त पैसे घेतले नाहीत तर.

आणि माळ्यावरच्या कॅमेऱ्यात पहिला रोल घालण्याआधी तो रिकामा चालवून बघा. शटर उघडतंय का, मागचं झाकण घट्ट बसतंय का, ते तपासा. त्याला पैसे पडत नाहीत. बिघाड रोल धुतल्यावर कळला, तर मात्र 1,700 रुपये पडतात.